तुम्ही विचारलंत म्हणून: त्या फुकटच्या १६० एकरांबद्दल

नेब्रास्कात लिंकनला राहून मला आता बारा वर्षं होतील, आणि घरी जो कुणी पाहुणा येतो त्याला मी गाडीत घालून तासाभरावरच्या बीट्रिसला नेते, होमस्टेड पार्क दाखवायला. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने अमेरिकी सरकारने सेटलर लोकांना, म्हणजे नव्याने वसायला आलेल्यांना, १६० एकर जमीन देऊ केली, त्याची आठवण म्हणून हा पार्क आहे. परतीच्या वाटेवर ठरलेले दोन प्रश्न येतात. मोठी माणसं विचारतात, "फुकट १६० एकर मिळाली, त्यात कसलं कौतुक गं?" आणि तरुण पोरं विचारतात, "दुसऱ्याची जमीन लाटणाऱ्यांचा तुला एवढा कळवळा का?" इतक्यांनी विचारलंय की एकदा लिहूनच टाकते.

पहिल्या प्रश्नाचा मला अजूनही राग येतो. फुकट म्हणजे काय? १८ डॉलर फी भरायची आणि मग पाच वर्षं तिथंच राहून जमीन कसून दाखवायची. मातीत गवताच्या मुळांचं जाळं इतकं घट्ट की साधा नांगर लागायचाच नाही, आणि झाडं नाहीत म्हणून त्याच मुळांसकट मातीच्या विटा कापून घर उभं करायचं, ज्याचं छत पावसात दोन दोन दिवस गळायचं. जळण म्हणून बायका रानातून म्हशींसारख्या त्या बायसनचं वाळलेलं शेण ओच्यात भरून आणायच्या, हे वाचलं तेव्हा मला माझी आजीच दिसली गोवऱ्या वेचताना. १८७४ ला टोळधाड आली, तिने उभं पीक तर खाल्लंच पण घामाचं मीठ मुरलेले अवजारांचे दांडेसुद्धा कुरतडले. १२ जानेवारी १८८८ ला सकाळी हवा उबदार होती म्हणून पोरं साध्या कपड्यांत शाळेत गेली आणि दुपारी बर्फाचं वादळ आलं, घरी परतताना कितीतरी पोरं वाटेतच गारठून मेली. वर त्यांना सांगितलं काय गेलं होतं, तर नांगर फिरला की पाऊस मागोमाग येतो! जमीन विकणाऱ्यांनी हे गावोगाव पसरवलं, शिकल्यासवरल्या लोकांनी त्याला शास्त्राचा आधार दिला, आणि १८९० नंतरच्या दुष्काळात पश्चिम नेब्रास्कातली घरंच्या घरं रिकामी झाली. मी मराठवाड्यातली आहे, मला हे फुकट वाटूच शकत नाही.

आणि अजून एक. नेब्रास्कातल्याच कस्टर काउंटीतला १८८६ चा एक फोटो आहे, मातीच्या घरापुढे चार सख्ख्या बहिणी उभ्या. बिनलग्नाच्या किंवा विधवा बाईला तिथं स्वतःच्या नावावर जमीन मागता यायची, आणि यांतल्या मोठ्या बहिणींनी ती मागितली. लग्न झालेलीला नाही मिळायची, ते आहेच. पण माझ्या तिन्ही आत्यांचं नाव सातबाऱ्यावर आजही नाही, तो फोटो मी का बघत बसते ते समजून घ्या.

आता दुसरा प्रश्न. २०१४ मध्ये मी यावर एका मैत्रिणीशी कडाक्याचं भांडले होते. म्हणाले होते की हे उपाशी, कर्जबाजारी लोक, युरोपातून बोट पकडून आलेले, यांनी कुणाला हाकललं नाही, मूळ रहिवाशांशी करार सरकारने केले. हे चूक नव्हतं. अजूनही नाही असं वाटतं.

मग २०१८ च्या जूनमध्ये अण्णा, म्हणजे माझे वडील, आले. आमचं मूळ गाव गोदावरीवरच्या धरणात गेलं हे माझ्या जवळच्यांना माहीत आहेच. अण्णांना मी १८६७ मधलं ते लाकडी केबिन दाखवलं, १४ बाय १६ फूट, आत बिछाना, चूल, सगळं एकाच खोलीत. त्यांनी ओंडक्यांमधल्या फटीत लिंपलेला चुना अंगठ्याने दाबून बघितला. मग बाहेर येऊन गवतात उभे राहिले आणि म्हणाले, "मंग ह्याच्या आधी कुणाची व्हती ही?"

मी सांगितलं, ओटो आणि मिसूरिया लोकांची, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी जमातींची. १८५४ च्या करारात बहुतेक जमीन गेली, बिग ब्लू नदीकाठी एक तुकडा राहिला, म्हणजे इथं पहिले लोक अर्ज भरत होते तेव्हा ते दक्षिणेला जवळच राहत होते. नंतर तो तुकडाही गेला आणि त्यांना आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं. हे मी पाठ केल्यासारखं घडाघडा सांगितलं.

अण्णा बराच वेळ गप्प. मग जे बोलले ते मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. धरणाच्या बदल्यात आम्हाला कालव्याखाली जी चार एकर मिळाली, ज्या कापसावर माझं इंजिनिअरिंग झालं, ती दुसऱ्या एका शेतकऱ्याची कापून दिलेली होती. बांधावर त्याच्या घराण्याचा म्हसोबा होता, शेंदूर लावलेला धोंडा. तो माणूस दर आखाडात यायचा, नारळ फोडायचा, अण्णांच्या हातचं पाणी प्यायचा, एक शब्द बोलायचा नाही. एका वर्षी अण्णांनी बांध सरळ करताना धोंडा उचलून विहिरीपाशी ठेवला. तो आला, रिकामी जागा बघितली, नारळ तसाच पिशवीत घेऊन माघारी गेला. पुन्हा आला नाही. "म्या काय त्याची जमीन घेतली व्हती का? मला सरकारनं दिली," अण्णा म्हणाले, आणि लगेच, "पर धोंडा म्याच हलवला."

मी जे २०१४ ला बोलले होते तेच वाक्य माझ्या बापाच्या तोंडून ऐकलं, आणि त्याच्या पुढचं वाक्यही, जे मी तेव्हा बोलले नव्हते.

मग आता त्या सेटलर लोकांवरचं प्रेम संपलं का? नाही संपलं. त्या चार बहिणी मला आजही तितक्याच आवडतात. फक्त पाहुण्यांना आता मी केबिनच्या आधी गवतात उभं करते आणि ओटो लोकांचं आधी सांगते, आणि काही जण वैतागतात की मुद्द्यावर ये. हाच मुद्दा आहे की दुसरा, मला ठरवता येत नाही, आणि कुणी ठरवून दिलं तर मी पुन्हा भांडेन.

मागच्या महिन्यात फोनवर अण्णांना विचारलं, तो धोंडा कुठंय. म्हणाले, विहिरीपाशीच, शेंदूर मीच लावतो. मी म्हटलं, अण्णा, बांधावर परत ठेवा ना. ते म्हणाले, आता बांध तिथं राहिला नाही गं, शेजाऱ्याने पाइपलाइन नेलीय तिथून.