लेथची चक-की घरी बनवताना

चक म्हणजे लेथवर काम पकडणारा भाग, आणि त्याचे जबडे आवळायची चौकोनी टोकाची चावी म्हणजे चक-की. तिचे कोपरे गोल झाले की जबडे पुरेसे आवळत नाहीत, आणि ती घसरताना चकमधला चौरसही, म्हणजे की घालायचं चौकोनी भोकही, खराब करते. जुनी की लगेच टाकू नका, नवीसाठी बार पकडायला तीच लागणार आहे. बाजारातली स्वस्त की बऱ्याचदा अर्धा मिमी सैल निघते, म्हणून घरी बनवलेली बरी.

आधी चकमधला चौरस मोजा. त्याचं तोंड झिजलेलं असतं, त्यामुळे व्हर्नियर तिथे फसवतो. ड्रिलच्या शँक, म्हणजे मागचे गुळगुळीत दांडे, एकेक घालून पाहा. जी सर्वात जाड शँक आत तळापर्यंत जाते, तिचा मायक्रोमीटरने घेतलेला व्यास म्हणजे चौरसाची बाजू. खोली व्हर्नियरच्या मागच्या पट्टीने घ्या. खालची मापं ९ मिमी चौरस आणि १५ मिमी खोली धरून दिली आहेत.

२० मिमी ईएन८ (मध्यम कार्बनचं पोलाद) चा बार, लांबी ९० मिमी. एमएस (माइल्ड स्टील) नको, त्याचे कोपरे लवकर लोळतात. एक टोक २० मिमी लांबीपर्यंत १२ मिमी व्यासाला उतरवा. खांद्याशी टूलच्या नोकाची १ मिमी गोलाई राहू द्या. तिथे काटकोनी खाच पडली तर की तिथूनच तुटते. या २० पैकी टोकाकडचे १४ मिमी चौरस करायचे, खांद्यालगतचे ६ मिमी गोलच ठेवायचे.

चौरसाची बाजू ८.९ मिमी, म्हणजे ०.१ मिमी सैल. प्रत्येक बाजूने १.५५ मिमी काढायचं. पहिली सपाटी कानसताना मायक्रोमीटर १०.४५ दाखवेल तेव्हा थांबा. समोरची बाजू ८.९० येईपर्यंत कानसा. तिसरीला पहिल्या सपाटीवर गुण्या लावून काटकोन बघत राहा. बास्टर्ड (खरखरीत) कानशीने ०.२ मिमी बाकी ठेवा, उरलेलं स्मूथ कानशीने.

चूक होते ती इथेच. समोरासमोरच्या दोन्ही जोड्या अचूक ८.९० असूनही चौकोन तिरका असू शकतो, आणि मायक्रोमीटरला ते कळत नाही. असा तुकडा एक तर आत जात नाही, नाही तर कानसून सैल केल्यावर दोनच कोपऱ्यांवर टेकतो आणि लवकर झिजतो. यावर उपाय फुकटचा आहे: १२ मिमीच्या मूळ गोलाईची एकेक पट्टी चारही कोपऱ्यांवर शिल्लक राहते, साधारण ०.६ मिमी रुंद. चारही पट्ट्या सारख्या दिसल्या तर चौरस काटकोनी आहे आणि मध्यावरही. एखादी नाहीशी होऊ लागली तर तिच्या शेजारच्या सपाटीवर हात थांबवा.

दांड्यासाठी १० मिमीचा ब्राइट बार, १६० मिमी. त्याच्यासाठी २० मिमी बारला वरच्या टोकापासून १२ मिमीवर आडवं भोक पाडायचं. हा बार व्ही-ब्लॉकमध्ये ठेवा, सेंटर ड्रिलचं टोक आणि बार यांच्यामध्ये स्टीलची पातळ पट्टी हलकेच दाबा. पट्टी आडवी राहिली तर मध्य बरोबर, कलली तर बार सरकवा. ४, ८, ९.८ असे ड्रिल, मग भोक नेमक्या मापाला आणायला १० चा रिमर. वरच्या तोंडातून ४.२ चं भोक, त्यात एम५ टॅपने आटे आणि ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू), दांडा पक्का. याहून लांब दांडा करू नका. जादा जोर चकच्या पिनियनवर, म्हणजे की फिरवते त्या दातेरी चाकावर, जातो.

गोल ठेवलेल्या ६ मिमीवर स्प्रिंग बसते: १.२ मिमी तार, एकूण ४ वेढे, मोकळी लांबी साधारण २५ मिमी. शेवटचा वेढा किंचित घट्ट हवा, म्हणजे ती निसटत नाही. पूर्ण दबली तरी ६ मिमीत मावते, त्यामुळे चौरस पूर्ण आत जातो. हात काढला की स्प्रिंग कीला बाहेर ढकलते. चकमध्ये की विसरून लेथ चालू केला तर ती गोळीसारखी सुटते, म्हणून ही स्प्रिंग वगळायची नाही.

पाणी द्यायचं, म्हणजे तापवून बुडवून कडक करायचं का? माझं मत, नको. की झिजली तर पुन्हा बनवता येते, पिनियन झिजला तर चक उघडावा लागतो. तरी द्यायचंच असेल तर फक्त चौरस तापवा, चुंबक चिकटेनासा झाल्यावर अजून थोडा, मग तेलात बुडवा. नंतर घासून चकचकीत करा आणि निळा रंग येईपर्यंत पुन्हा तापवून सोडा. हा दुसरा टप्पा टाळला तर कोपरा झिजण्याऐवजी तुटून आत अडकू शकतो.