घोट्याचा रोबो: आधी अक्ष जुळवा

घोट्याच्या व्यायामयंत्रात मोटरपेक्षा जास्त गोंधळ अक्षामुळे, म्हणजे ज्या रेषेभोवती सांधा फिरतो तिच्यामुळे होतो. पाऊल वर-खाली होतं तो अक्ष घोट्याच्या दोन्ही उंचवट्यांच्या टोकांजवळून तिरका जातो. बाहेरची बाजू थोडी खाली आणि मागे. यंत्राचा अक्ष चुकला की टाच उचलली जाते, पट्टे कातडीवर घासतात आणि पडद्यावरचा कोन पायाचा नसून फूटप्लेटचा, म्हणजे पाऊल ठेवायच्या पाटाचा असतो. म्हणून फूटप्लेटची उंची बदलता यायलाच हवी.

स्नायू ताठर असतील तर सेकंदाला ५ अंशांच्या आसपास सुरुवात करावी. वेग वाढला की पोटरी आणखी आवळते. गुडघा थोडा वाकवला की ती सैलावते. हालचालीची मर्यादा फक्त सॉफ्टवेअरवर सोडू नये. धातूचा अडसर हवाच, आणि यंत्र थांबवायचं बटण रुग्णाच्या हातात.