गोदावरीवर फक्त चालणाऱ्यांसाठी एक पूल हवा

आज आत्याला नांदेडात नदीपलीकडच्या कौठ्याहून गुरुद्वाराजवळच्या नगिनाघाटावर आणलं. रिक्षा पुलावर अडकली, तर आत्या म्हणाली, "उतर गं, चालत जाऊ." पण ट्रक, टमटम अंगावर येत असताना दुखऱ्या गुडघ्यांनी तिनं चालायचं कुठून? समोर गुरुद्वाराचा कळस दिसतोय, मधे फक्त नदी, आणि जायला वाट नाही.

२००८ मध्ये गुरू-ता-गद्दीच्या, म्हणजे गुरू ग्रंथ साहिबांना गुरुपद दिल्याच्या, त्रिशताब्दीला नांदेडचं रूप पालटलं, घाटांची कामं झाली. आता पुढचं पाऊल म्हणजे निव्वळ पादचारी पूल आणि घाटांना सलग जोडणारी पायवाट. अहमदाबादेत साबरमतीवर २०२२ मध्ये असा पूल झाला, जवळपास ३०० मीटरचा. मात्र तिथल्यासारख्या काँक्रीटच्या उंच भिंती आपल्याकडे नकोत, हे माझं ठाम मत आहे. वरच्या अंगाच्या विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले की गोदामाय पायऱ्या गिळत वर येते. तिला पसरायला जागा लागते. पायऱ्यांचे घाट ते सोसतात, पूर ओसरला की गाळ धुवायचा, बस्स.

पूल मात्र पूररेषेच्या वर हवा, खांब कमीत कमी. खांबांना जलपर्णी अन् ओंडके अडकून पाणी तुंबतं. चढायला जिना नको, उतार हवा, १२ फुटांना १ फूट चढेल इतका सौम्य. मधे टेकायला बाक, आणि दोन्ही टोकांना रात्रभर दिवे.

आत्या तर म्हणते, पूल झाला की रोज सकाळी येईन. नांदेडकरांनो, आपापल्या नगरसेवकांकडे हा विषय लावून धरा.