दीड लाख कशाचे?

"पगार रियालमध्ये मिळेल, दादा. पण एजंट दीड लाख मागतोय."

मावसभाऊ जळगाव एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात आहे. मंदीमुळे पाळ्या कमी झाल्यात, म्हणून सौदीला निघालाय. मावशी ओट्यावरून एवढंच म्हणाली, "तठे आपलं कोन शे?"

मला मात्र तो आकडा खटकत राहिला. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी घेता येतात. परदेशी नोकरीला जाणाऱ्यांसाठीच्या १९८३च्या इमिग्रेशन (उत्प्रवास) कायद्याखाली त्याची नोंदणी लागते, आणि ती सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते. भावाला हे कुणीच सांगितलं नव्हतं.

जाऊ नको, असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? इथे हाताला काम असतं तर तो निघालाच नसता. पण शेत गहाण टाकून तरी नको ना!

तुमच्याकडच्या पोरांनी किती मोजले?