शुगरवाल्यांचं मोठं आतडं: फेरिटिन, पॉलिप आणि स्कोपीची तयारी

नौपाड्यापासून नेरूळपर्यंत कुठल्याही लॅबमध्ये मधुमेहाचं पॅकेज मिळतं. त्यात एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन, कोलेस्टेरॉल असतं. डोळ्यांचा पडदा आणि पायांच्या नसा डॉक्टर वेगळ्या बघतात. मोठ्या आतड्याचं मात्र कोणी नाव काढत नाही.

टाइप २ मधुमेहात सुरुवातीची बरीच वर्षं इन्सुलिन कमी नसतं, उलट जास्तच असतं. शरीर त्याला दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड आणखी सोडत राहतं. हे इन्सुलिन आणि त्याचं भावंड आयजीएफ-१ पेशींना ‘वाढा’ असा निरोप देतात. आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं, म्हणजे तिथे पेशींची विभागणी सतत चालू असते आणि या निरोपाचा परिणामही जास्त होतो. त्यात पोटावरची चरबी आणि नसा बिघडल्याने मंदावलेलं आतडं यांची भर. पॉलिप म्हणजे आतड्याच्या अस्तरावरची छोटी गाठ. अडेनोमा, म्हणजे पुढे कर्करोगाकडे जाऊ शकणारा पॉलिप, मधुमेह्यांत जास्त सापडतो. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोकाही अंदाजे सव्वापट धरला जातो. घाबरून जाण्याइतका हा आकडा नाही, कारण भारतात मूळ धोकाच पाश्चात्त्य देशांपेक्षा बराच कमी आहे. शिवाय बहुतेक अडेनोमांचा कर्करोग होत नाही, आणि ज्यांचा होतो त्यांना साधारण दहा वर्षं लागतात. पॉलिप काढून टाकायला एवढा अवधी भरपूर झाला.

गाडी अडते ती वेगळ्याच ठिकाणी. मधुमेह्याचं हिमोग्लोबिन घसरलं की ‘मेटफॉर्मिनने झालं असेल’ म्हणून बी-१२ ची इंजेक्शनं सुरू होतात. मेटफॉर्मिनने बी-१२ कमी होतं हे खरं, पण त्यात लाल पेशी मोठ्या होतात, सीबीसीवरचा एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींच्या आकाराचा आकडा, वाढतो. एमसीव्ही ८० च्या खाली आणि फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) कमी असेल तर ती लोहाची कमतरता, आणि तिचं खापर मेटफॉर्मिनवर फोडता येत नाही. पुरुषात किंवा पाळी गेलेल्या बाईत लोह कमी झालं, तर रक्त पचनमार्गातून झिरपत नाही ना, हे आधी बघायचं. लोहाच्या गोळ्या त्यासोबत. आणखी एक गोम म्हणजे लोह कमी असताना एचबीएवनसी खोटं वाढलेलं दिसू शकतं, आणि आतड्याची चौकशी राहून मधुमेहाचीच गोळी वाढते. संडासला रक्त पडलं की ‘मूळव्याधच’ म्हणून मलम लावत बसणं हाही तसलाच प्रकार. मूळव्याध असलेल्या माणसाला पॉलिप होत नाही, असं थोडंच आहे?

काही त्रास नसेल तर? भारतात या आजाराची सरसकट सरकारी चाचणी नाही. अमेरिकेत २०२१ पासून सुरुवातीचं वय ४५ केलं आहे. मधुमेह आणि सुटलेलं पोट दोन्ही असेल तर तोच आकडा धरावा, असं माझं मत. आई-वडील किंवा भावंडांत हा कर्करोग असेल तर चाळिशीलाच. शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी फिट टेस्ट स्वस्त आहे, पथ्य लागत नाही, पण ती दरवर्षी करावी लागते. एकदाच केली तर मोठ्या अडेनोमांपैकीही निम्म्याहून जास्त निसटतात. ती पॉझिटिव्ह आली तर परत फिट करून बघायची नाही, कोलोनोस्कोपीच करायची, म्हणजे गुदमार्गातून कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं आतून बघायचं.

मधुमेह्यांची स्कोपी फसते ती बहुधा तयारीत. आतडं मंद असल्याने नेहमीच्या डोसमध्ये साफ होत नाही. म्हणून एकाऐवजी तीन दिवस आधीपासून चोथा बंद: भाकरी, पालेभाजी, पेरू, टोमॅटो, तीळ, सब्जा, शेंगदाणे नकोत. मऊ भात, इडली, अंडं, बिनकाट्याचा मासा चालतो. लोहाची गोळी आठवडाभर आधी थांबवायची, नाहीतर भिंतीवर काळा लेप राहतो. आदल्या दिवशी फक्त पारदर्शक पातळ: गाळलेलं लिंबूपाणी, मलई नसलेलं शहाळं, बिनदुधाचा चहा. ताक नाही. कोकम सरबत तर अजिबात नाही, आत ते रक्तासारखं दिसतं.

आतडं साफ करणारी पॉलीइथिलीन ग्लायकॉलची पावडर बहुधा दोन लिटर पाण्यात असते, ती दोन हप्त्यांत घ्यायची. सकाळी दहाची वेळ असेल तर पहिला लिटर संध्याकाळी सहाला, दुसरा पहाटे साडेचारला. दर दहा-पंधरा मिनिटांनी एक ग्लास. वेळेच्या किमान दोन तास आधी सगळं पिणं बंद. औषध थंड करून, लिंबू पिळून चालेल, पण त्यात साखर घालू नका. ग्लुकोजसोबत मीठ आतड्यातून शोषलं जातं आणि औषधाचा तोल बिघडतो. घोडबंदरहून वाशीला जायचं तर लोकलमध्ये संडास नाही, हे हिशेबात धरा. शक्य तर घराजवळचं सेंटर, आणि सकाळची पहिली वेळ.

गोळ्यांचं वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन तीन दिवस आधी बंद होतात. उपाशीपोटी त्यांनी शुगर नॉर्मल असतानाही रक्तात आम्ल साठू शकतं, म्हणून मीटरवर भरवसा ठेवून चालत नाही. ग्लिमेपिराइडने उपवासात शुगर कोसळते. लांब पल्ल्याचं इन्सुलिन बहुधा कमी करतात. टाइप १ मध्ये पूर्ण बंद कधीच नाही. सेमाग्लुटाइडचं आठवड्याचं इंजेक्शन चालू असेल तर भूल देणाऱ्यांना आधीच सांगा, पोट उशिरा रिकामं होतं. तयारीच्या काळात दर तीन-चार तासांनी शुगर बघा. ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. प्यायची वेळ संपल्यावर असं झालं तर साखर घ्याच, आणि सेंटरला लगेच कळवा.

रिपोर्टमध्ये सफाईचा बोस्टन स्कोअर शोधा: आतड्याचे तीन भाग, प्रत्येकाला ० (अस्वच्छ) ते ३ (स्वच्छ). एखाद्या भागात २ पेक्षा कमी असेल तर ‘नॉर्मल’ शब्दाला फारसा अर्थ नाही. सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या पार सुरुवातीपर्यंत, पोचल्याचा फोटोही हवा. बायोप्सीत एक-दोन ट्युब्युलर अडेनोमा, दहा मिलिमीटरपेक्षा लहान, असं आलं तर पुढची स्कोपी सात ते दहा वर्षांनी. दहा मिलिमीटर किंवा मोठा, किंवा ‘व्हिलस’, ‘हाय ग्रेड’ असे शब्द असतील तर तीन वर्षांनी.

मेटफॉर्मिनने पॉलिप टळतात का? जपानमध्ये मधुमेह नसलेल्यांना पॉलिप काढल्यावर वर्षभर रोज २५० मिलिग्रॅम दिलं, तेव्हा नवे अडेनोमा कमी आले; निष्कर्ष २०१६ चे. छोटा अभ्यास, तेवढ्यावर स्कोपी टाळता येत नाही.

पॉलिप काढल्यावर दोन आठवड्यांपर्यंत रक्तस्राव होऊ शकतो. गणपतीला कोकणात जायचं असेल तर स्कोपीची तारीख त्याच्या किमान पंधरा दिवस आधीची घ्या.