माशांआधी स्टँड

माशांच्या टाकीसाठी लाकडी स्टँड करायला आज आयुष्यात पहिल्यांदा करवत धरली. टाकी 3 फूट लांब, 1 फूट रुंद, 1 फूट उंच. म्हणजे जवळपास 85 लिटर, 85 किलो नुसतं पाणीच! काच आणि वाळू वेगळी. हा हिशेब आधी केला असता तर आडव्या पट्ट्या नुसत्या स्क्रूंवर लटकवल्या नसत्या. सगळं खोललं, पट्ट्या पायांच्या डोक्यावर टेकवून पुन्हा जोडलं. आता भार लाकडावर, स्क्रू फक्त धरून ठेवायला. तरी एक पाय नखभर आखूडच. लेव्हलचा बुडबुडा हट्टाने डावीकडे पळत होता, खाली पाचर सारली तेव्हा कुठे मधोमध आला. (घरच्यांचा प्रश्न: "हे टेबल कशाला केलंस?") वॉर्निशचा दुसरा हात उद्या, मग थर्माकोलची शीट, मग टाकी.