आमची वाटचाल : आधी उंची, मग वजन

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये ट्रायपॉड घ्यायला आलेला माणूस पहिल्यांदा विचारतो, "सगळ्यात हलका कोणता?" आम्ही लगेच वजनकाट्याकडे जात नाही. गोणपाट अंथरतो आणि म्हणतो, "दादा, आधी खाली बसा. दुर्बीण डोळ्याला लावा." मग डोळ्यापासून जमिनीपर्यंत टेप धरतो. मांडी घालून बसलेल्या माणसाचा डोळा साधारण ७५ सेंटिमीटरवर येतो, उभ्याचा दीडशेच्या वर. यातली कोणती उंची लागणार ते ठरलं की ट्रायपॉडचं निम्मं वजन तिथेच ठरतं.

ही सवय आम्हाला साता समुद्रापलीकडच्या गिऱ्हाइकाने लावली.

आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, दोन लेथवर सुरुवात केली. बुश, पिना, स्पेसर, सगळं गाड्यांच्या कारखान्यांचं जॉबवर्क. २००८ च्या मंदीत कामाची चलानं येणं बंद पडलं. तेव्हापासून एकाच धंद्यावर विसंबायचं नाही, हे मी आणि धाकट्या भावाने मनाशी बांधून ठेवलं. पुढे सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी यंत्रं आली, ॲल्युमिनियमची कामं वाढली, आणि एक दिवस अमेरिकेतल्या रॉकी पर्वताकडच्या एका छोट्या कंपनीचं ड्रॉइंग आलं. ट्रायपॉडचे तिन्ही पाय जिथे एकत्र येतात तो वरचा भाग. शॉपमध्ये त्याचं नाव लगेच 'चूल' पडलं, आजही तेच चालतं.

माल कशासाठी हवाय, ते त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं. गाडीरस्ता संपल्यावर पाठीवर आठवडाभराचं सामान घेऊन एल्कच्या, म्हणजे तिकडच्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला जाणारी माणसं. तिकडे परवाना, ठरलेला हंगाम, किती जनावरं मारायची याचा कोटा, सगळं कायद्यात बसतं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकार हा गुन्हा आहे, आणि तो तसाच राहावा असं मला मनापासून वाटतं. त्यातून आप्पांच्या गळ्यात तुळशीची माळ. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकहून निघाली की नाशिकपर्यंत तरी सोबत जायचंच. त्यांच्यापासून लपवून हे काम घेणं आम्हाला जमलं नसतं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "हे हललं तर काय होतं?"

मी म्हणालो, "नेम चुकतो, आप्पा. जनावर जखमी होऊन पळतं आणि दोन दोन दिवस तडफडतं."

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "घ्यायचं असेल तर घ्या. पण प्ले ठेवू नका."

त्या चुलीच्या बिजागरीतला प्ले, म्हणजे सांध्यातला ढिलेपणा, घालवायला आम्हाला चार सॅम्पल लागले. पिन आणि भोक यांचं फिटिंग घट्ट केलं तर पाय उघडत नाही, सैल केलं तर टोकाशी बोटभर हलतो. शेवटी पिनेच्या दोन्ही बाजूंना पातळ वॉशर देऊन बोल्टने ताण लावायची सोय केली. वापरणाऱ्याला घरी एका ॲलन कीने तो ताण परत आणता येतो.

त्या कंपनीशी बोलताना या माणसांची रीत कळत गेली. बंदूक ट्रायपॉडवर चढते ती अगदी शेवटी, काही मिनिटांसाठी. बाकी दिवसभर त्यावर दुर्बीण लावून समोरचा डोंगर बारकाईने बघायचा, तोही बसून. म्हणून त्यांना मधला वर-खाली होणारा दांडा नको असतो. तो वर काढला की तीन पायांचा एक पाय होतो, आणि आत राहिला तरी ट्रायपॉडला जमिनीलगत बसू देत नाही. उतारावर एक पाय लांब, दोन आखूड करावे लागतात, त्यामुळे प्रत्येक पायाचा कोन स्वतंत्र अडकला पाहिजे. वरचा डोव्हटेल क्लॅम्प, म्हणजे तिरक्या कडांची पट्टी सरकवून धरणारी पकड, ३८ मिलिमीटरच्या आर्का नावाच्या प्रचलित मापाच्या पट्टीचा असला की दुर्बीण काढून त्याच जागी रायफलीखालची पट्टी सरकवता येते, स्क्रू फिरवत बसावं लागत नाही.

हलकेपणात सगळ्यात मोठी फसगत नळीत होते. एकाच जाडीच्या भिंतीची २२ मिलिमीटरची नळी २८ च्या तुलनेत वाकायला दुपटीहून सोपी असते, वजन मात्र पाचव्या हिश्श्याच्या आसपासच वाचतं. पाच टप्प्यांचा पाय बॅगेत छान मावतो, पण शेवटचा टप्पा काडीसारखा बारीक होतो. माझ्या मते डोंगरासाठी तीन टप्पे, जाड नळी आणि कमी उंची. उभं राहून वापरायचा हट्ट सोडला तर हेडसकट (वरच्या फिरत्या डोक्यासकट) दीड किलोच्या आत चांगला ट्रायपॉड बसतो.

हे इतकं कळल्यावर आपल्या माणसांसाठी स्वतःचा माल काढावासा वाटला. गिऱ्हाईक जवळच होतं. गोदावरी-कादवा संगमावरचं नांदूर मध्यमेश्वर २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. थंडीत तिथे स्कोप (एका डोळ्याची मोठी दुर्बीण) घेऊन बसलेल्या पक्षीनिरीक्षकांकडून खूप शिकलो. ६० पटीच्या स्कोपमध्ये एका कलेचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा, हेलकावा पूर्ण एक अंश दिसतो, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या दुप्पट. पाण्यावरून वारा आला की कुठला पाय कच्चा आहे ते तिथे मिनिटात कळतं. वाऱ्यात ट्रायपॉडला बॅग लटकवायची तर ती जमिनीला टेकलेली ठेवा, अधांतरी राहिली तर झोके घेऊन तीच ट्रायपॉड हलवते.

पहिल्या लॉटने मात्र आम्हाला रडवलं. एका काकांनी एप्रिलमध्ये ट्रायपॉड बंद गाडीत ठेवला, आणि संध्याकाळी उचलला तेव्हा कार्बन फायबरची नळी ॲल्युमिनियमच्या कॉलरमधून निघून हातात आली. साध्या तापमानाला सुकवलेला इपॉक्सी गोंद साठ अंशांच्या आसपास मऊ पडतो, आणि उन्हातल्या गाडीत तेवढी उष्णता होतेच. शिवाय कॉलर तापून फुगते, कार्बनची नळी जवळजवळ नाही. २८ मिलिमीटरच्या कॉलरला ४० अंशांत जवळपास पाव दशांश मिलिमीटरचा फरक. चूक पूर्णपणे आमची होती. संपूर्ण लॉट परत मागवला. आता जोडाचा पृष्ठभाग खरवडून घेतो, फट चहूबाजूंनी सारखी ठेवतो आणि जोड भट्टीत पक्का करतो. त्या काकांनी बदली ट्रायपॉड घेतला आणि पुढच्या हिवाळ्यात आणखी दोघांना घेऊन आले, हे मी विसरणार नाही.

रायफल शूटिंगची मुलंही आता येतात. स्पर्धेत रायफल ट्रायपॉडवर टेकवता येत नाही, हे त्यांना माहीत असतंच. त्यांना तो स्पॉटिंग स्कोपसाठी लागतो. ५० मीटरवरच्या लक्ष्यातलं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, त्यात कागदावरचं पॉइंट टू टू (०.२२ इंची) गोळीचं भोक झोपल्या झोपल्या, मान न हलवता दिसलं पाहिजे. २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून नेम धरायचं) कांस्य जिंकल्यापासून पालक जास्त आस्थेने चौकशी करतात. या मुलांना मी कार्बन घेऊ देत नाही. रेंजवर डोंगर चढायचा नसतो, ॲल्युमिनियमचा बुटका, जड ट्रायपॉड निम्म्या पैशात जास्त स्थिर उभा राहतो.

आप्पा आता रोज येत नाहीत. आले की पॅकिंगला निघालेली एखादी चूल उचलतात, पाय उघडून टोकाशी दोन बोटांनी हलवून बघतात. ज्यात हललं ती बाजूला ठेवतात. गेल्या महिन्यात दोन ठेवल्या. दोन्ही उघडल्या, एका पिनेवर खरंच बुर, म्हणजे कापताना राहिलेली धातूची कूस, होती. दुसरीत आम्हाला काही सापडलं नाही, तरी ती पाठवली नाही.